मालाचा भाव कोणता धरायचा? फिफो, सरासरी आणि टॅलीतली लांबलचक यादी

बोरीकाठ

राम राम मंडळी.

अमळनेरला आमचं धान्य-डाळीचं दुकान आहे, जोडीला किराणा. भाचा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुटीत दुकानाचं टॅली तोच बघतो. त्याच्या पुस्तकात शिल्लक मालाचं मूल्य काढायच्या चार पद्धती दिल्यात, आमचे सीए वर्षानुवर्षं एकच वापरतात आणि टॅलीत प्रत्येक मालापुढे त्याहून मोठी यादी उघडते. "मामा, आपण यातली कोणती धरतो आणि तीच का?" असं त्यानं विचारलं. त्याला कागदावर जे मांडून दाखवलं तेच इथे ठेवतो. आपल्याकडे धान्य, कापूस, मिरची, सोनं असा सगळा व्यापार करणारी माणसं आहेत, ज्यानं त्यानं आपापल्या मालाचं सांगावं.

समजा १ एप्रिलला गोदामात २० क्विंटल तूर आहे, ७,००० रुपयांनी घेतलेली. पुढे ३० क्विंटल ७,४०० नं घेतली आणि नंतर ५० क्विंटल ८,००० नं. झाली १०० क्विंटल, खरेदीची एकूण किंमत ७,६२,००० रुपये. वर्षात ७० क्विंटल ८,६०० नं विकली, आले ६,०२,०००. ३१ मार्चला ३० क्विंटल उरली. सगळा वाद या ३० क्विंटलच्या किमतीचा आहे.

फिफो म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असं धरायचं. मग उरलेली तूर शेवटच्या खरेदीतली. ३० गुणिले ८,००० म्हणजे शिल्लक २,४०,०००. विकलेल्या मालाची किंमत ५,२२,०००, ढोबळ नफा ८०,०००.

भारित सरासरीत १०० क्विंटलचा एकच भाव येतो, ७,६२० रुपये. शिल्लक २,२८,६००, नफा ६८,६००.

लिफो म्हणजे शेवटी आलेला माल आधी गेला असं धरायचं. उरले ते जुने २० क्विंटल ७,००० चे आणि १० क्विंटल ७,४०० चे. शिल्लक २,१४,०००, नफा ५४,०००.

तूर तीच, गिऱ्हाईक तेच, गल्ल्यात आलेला पैसाही तोच. तरी नफा ८०,००० पासून ५४,००० पर्यंत हलतो. भाच्याला हे पटेना. म्हणून पुढचं वर्षही मांडलं. ती ३० क्विंटल त्याच ८,६०० नं विकली, नवी खरेदी काहीच नाही असं धरा. येतात २,५८,०००. आता फिफोत नफा १८,०००, सरासरीत २९,४०० आणि लिफोत ४४,०००. दोन्ही वर्षांची बेरीज करून बघा, तिन्हीकडे ९८,००० च येते.

पद्धतीनं ठरतं ते एवढंच की नफा कोणत्या वर्षात दिसणार. व्यापाऱ्याला तेवढंही फार आहे. त्यावरून कर ठरतो, भागीदारांची वाटणी ठरते आणि बँकेपुढे जाणारा ताळेबंदही.

आमच्याकडे सुट्या तुरीला भारित सरासरी धरतात. मला ती योग्य वाटते, कारण पाच शेतकऱ्यांची तूर एका ढिगात पडली की कोणता दाणा ७,००० चा आणि कोणता ८,००० चा हे कुणीच सांगू शकत नाही. तुमच्याकडे काय धरतात आणि का, ते लिहा.

हिशेबनीस_जळगाव

भाऊ, दुसरं वर्ष मांडून दाखवलंत हे फार चांगलं केलंत. आमच्या अभ्यासक्रमातली गणितं एका वर्षावर थांबतात. मुलांना वाटतं लिफोनं २६,००० रुपये कुठेतरी गायब केले.

एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. माल गोदामातून कसा हलतो आणि खर्च हिशेबात कसा हलतो, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. तुमचा हमाल दारातलं पोतं आधी उचलेल, म्हणजे नवं आधी जाईल आणि जुनं मागं राहील. तरी वहीत फिफो धरता येतं. ढीग एकत्र झाला म्हणून सरासरीच धरली पाहिजे असा नियम नाही. सरासरी निवडायचं जास्त भक्कम कारण म्हणजे भावाचे चढउतार ती सौम्य करते आणि धान्याच्या व्यापारात भाव आठवड्याला बदलतो.

पुस्तकातली चौथी पद्धत विशिष्ट ओळखीची. प्रत्येक नगाची स्वतःची खरेदी किंमत धरायची. ती कुठे लागते हे सराफ्यातल्या कुणीतरी सांगावं.

कृषीकेंद्र_चोपडा

आमच्या दुकानात औषधं आणि बियाणं. इथे माल हलवायची पद्धत मनावर नाही, मुदत संपायच्या तारखेवर आहे. ज्याची मुदत आधी संपते तो डबा पुढच्या फळीवर. हिशेबातही फिफोच ठेवलंय, त्यामुळे फळी आणि वही जुळून राहते आणि तपासणीला सोपं जातं.

कापसाच्या बियाण्याला तर पद्धतीनं फारसा फरकच पडत नाही. बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं. २०२३-२४ ला ८५३ रुपये होती, २०२४-२५ ला ८६४. भाव इतका कमी हलला तर फिफो घ्या नाहीतर सरासरी, आकडा जवळपास तोच. ज्या मालाचा भाव उसळतो त्याच्यासाठीच हा सगळा विचार करावा लागतो.

भाचा_बीकॉम

बोरीकाठ म्हणजे माझे मामा. सर्वांना नमस्कार.

हिशेबनीस मॅडम, एक शंका आहे. मी हेच आकडे घेऊन तारखेनुसार मांडले. २० आणि ३० क्विंटल आल्यावर आधी ४० क्विंटल विकली, मग ५० क्विंटलची खरेदी झाली, मग उरलेली ३० विकली. असं केल्यावर लिफोची शिल्लक २,३०,००० येते, मामांची २,१४,००० आली होती. सरासरीही बदलते. फिफो तेवढा २,४०,००० वर राहतो. दोनतीनदा तपासलं, बेरीज बरोबर आहे.

हिशेबनीस_जळगाव

तुझी बेरीज बरोबर आहे आणि मामांचीही. मामांनी वर्ष संपल्यावर एकदाच हिशेब केला, तू प्रत्येक विक्रीला केलास. पहिल्याला नियतकालिक पद्धत म्हणतात, दुसऱ्याला निरंतर.

तुझ्या मांडणीत पहिली ४० क्विंटल विकली तेव्हा ८,००० ची तूर आलेलीच नव्हती. म्हणून लिफोला ७,४०० ची ३० आणि ७,००० ची १० घ्यावी लागली. नंतरची ३० क्विंटल ८,००० च्या खरेदीतून गेली. उरली २० क्विंटल ८,००० ची आणि १० क्विंटल ७,००० ची. झाले २,३०,०००. मामांच्या मांडणीत वर्षअखेरीची खरेदी आधीच्या विक्रीलाही लागू झाली, म्हणून त्यांची शिल्लक कमी आली.

सरासरीत पहिल्या ५० क्विंटलचा भाव ७,२४० येतो. ४० विकून १० उरली, तिची किंमत ७२,४००. नवी ५० मिळवली की ६० क्विंटलचे ४,७२,४००. त्यातली अर्धी विकली, अर्धी उरली, म्हणजे शिल्लक २,३६,२००. हिला चल सरासरी म्हणतात. खरेदी होईल तेव्हा भाव पुन्हा काढायचा. भारित सरासरीचे २,२८,६०० आणि चल सरासरीचे २,३६,२००, हा ७,६०० चा फरक परीक्षेत बरेच जण चूक समजून खोडतात.

फिफोला क्रम बदलल्यानं फरक पडत नाही, कारण कधीही मोजलं तरी सर्वांत नवा मालच शिल्लक राहतो. प्रश्नपत्रिकेत तारखा दिल्या असतील तर आधी बघ, निरंतर विचारलंय की नियतकालिक.

पथारी_नंदुरबार

आमच्या मालाचं दुखणं अजून वेगळं आहे. आम्ही ओली लाल मिरची घेतो आणि पथारीवर वाळवतो. जे घेतलं ते वजन विकायला राहतच नाही. फिफो की सरासरी हा प्रश्न येण्याआधी क्विंटलचा भावच नव्यानं काढावा लागतो.

उदाहरणाला गोल आकडे घेतो. १०० क्विंटल ओली मिरची ३,००० नं, म्हणजे ३,००,०००. वाळवणीची मजुरी २०,०००. वाळून उरली २५ क्विंटल. ३,२०,००० भागिले २५, क्विंटलला १२,८००. इथे ७५ क्विंटल "तोटा" झालेला नाही, ते पाणी होतं. ही नेहमीची घट, ती उरलेल्या मालाच्या भावात बसते.

आता अवकाळी पाऊस आला आणि ५ क्विंटल सुकी मिरची सडली. नवीन मुनीम ३,२०,००० ला २० नं भागतो आणि भाव १६,००० करतो. हे करू नका. पाऊस हा मिरची बनवायचा खर्च नाही. ५ क्विंटलचे ६४,००० थेट नफातोटा पत्रकात नुकसान म्हणून टाकायचे, उरलेली २० क्विंटल १२,८०० नंच ठेवायची. नाहीतर सडलेल्या मिरचीचं ओझं चांगल्या मिरचीवर चढतं आणि यंदाचं नुकसान पुढच्या वर्षाच्या गोदामात लपून बसतं.

बोरीकाठ

खरं शे भो. डाळ मिलवाल्यांनाही हेच लागू. तुरीतून डाळ, चुनी आणि भुसा निघतो, त्यातली नेहमीची घट वेगळी आणि कीड लागून गेलेला माल वेगळा.

जिनिंग_धरणगाव

डाळीचं निघालं म्हणून कापसाचं सांगतो, आमच्याकडे एका मालाचे दोन होतात.

१०० क्विंटल कापूस ७,५०० नं घेतला, ७,५०,०००. जिनिंगचा खर्च समजायला सोपं जावं म्हणून बाजूला ठेवू. त्यातून ३४ क्विंटल रुई, ६४ क्विंटल सरकी निघाली आणि २ क्विंटल घट. आता रुईचा भाव काय आणि सरकीचा काय?

वजनावर वाटलं तर दोन्हीला क्विंटलला ७,६५३ रुपये पडतात. सरकी बाजारात ३,५०० ला जाते आणि रुई १६,००० ला. म्हणजे सरकीच्या प्रत्येक पोत्याला तोटा आणि रुईला भरमसाट नफा दिसणार. त्या हिशेबाला काही अर्थ नाही.

म्हणून विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटायचं. रुईचे ५,४४,०००, सरकीचे २,२४,०००, एकूण ७,६८,०००. या प्रमाणात ७,५०,००० पैकी रुईवर ५,३१,२५० आणि सरकीवर २,१८,७५०. रुई पडली १५,६२५ ला, सरकी ३,४१८ च्या आसपास. आता कुठे फिफो की सरासरी ते विचारा. आम्ही सरासरी धरतो, कारण गाठ १७० किलोची बांधली की तिच्यात कोणत्या दिवसाचा कापूस आहे हे शोधण्यात काही हशील नाही.

आणि भाऊ, तुमच्या उदाहरणात भाव चढताच राहिलाय. खान्देशात असं कुठे होतं? २०२२ मध्ये कापूस दहा हजारांच्या पुढे गेला. पुढच्या हंगामात त्याच आशेनं लोकांनी घराघरात कापूस भरून ठेवला आणि भाव खाली आला. तुरीचंही तेच. २०२४ च्या उन्हाळ्यात दहा हजारांच्या वर होती, २०२५ मध्ये ७,५५० च्या हमीभावाखाली आली. पडत्या भावात तुमचं सगळं उलटतं. फिफोत महाग माल आधी गेला असं धरलं जातं, नफा कमी दिसतो आणि शिल्लकही स्वस्त दिसते.

केळीवाला_रावेर

आमच्याकडे या वादाला जागाच नाही. ३१ मार्चला पिकवणीच्या खोलीत जे असतं ते चार दिवसांत बाहेर पडतं आणि त्याची खरेदीही त्याच आठवड्यातली असते. कोणतीही पद्धत घ्या, आकडा तोच.

सराफी_जळगाव

मी सराफी पेढीत हिशेब बघतो. मॅडमनी विशिष्ट ओळखीचं विचारलं. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी असलेलेच हॉलमार्कचे दागिने विकता येतात. म्हणजे प्रत्येक नगाला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे नगावार खरेदी किंमत ठेवणं आता सोपं झालंय. घडणावळीचा एकच हार असेल तर त्याला हीच पद्धत योग्य. पण एकाच वजनाच्या, एकाच नक्षीच्या साखळ्या असतील तर तिथे ही धरू नये. तसं केलं तर दुकानदार नफा हवा असेल तेव्हा स्वस्तात घेतलेली साखळी "विकली" दाखवेल आणि नको असेल तेव्हा महागातली. वेढणी आणि सारख्या साखळ्यांना आम्ही सरासरी धरतो.

आता माझी तळमळ सांगतो. भाव चढत असताना फिफो जो नफा दाखवतो तो मला खरा वाटत नाही. ७,००० रुपये ग्रॅमनं घेतलेलं सोनं ९,००० ला विकलं, वहीत २,००० नफा. त्यावर कर भरला, घरखर्च काढला. दुसऱ्या दिवशी तेवढंच सोनं परत भरायला ९,००० च लागतात. पेढीतलं सोनं ग्रॅमनं कमी होत जातं आणि कागदावर नफा वाढत जातो. लिफोत विक्रीसमोर ताजा खर्च उभा राहतो, म्हणून नफ्याचा आकडा जमिनीवर राहतो. मग आपल्याकडे ती चालत का नाही?

ओहायोकर_खान्देशी

दादा, मी मूळचा शिरपूरचा, इथे अमेरिकेत एका कारखान्याच्या हिशेब विभागात आहे. तुमचा हाच मुद्दा धरून इथे लिफो टिकून आहे. १९३८ च्या करकायद्यात चामडं आणि काही धातूंच्या धंद्यांना तिची परवानगी मिळाली, १९३९ मध्ये ती सगळ्यांना खुली झाली. एक्सॉनमोबिलसारखी तेल कंपनी आजही ती वापरते. अट एक आहे, करासाठी लिफो घेतलं तर भागधारकांना दाखवायच्या हिशेबातही तेच घ्यावं लागतं. कर वाचवायला कमी नफा आणि मिरवायला जास्त नफा असं करता येत नाही.

तिची दुसरी बाजूही मी रोज बघतो. ताळेबंदात दशकांपूर्वीच्या भावाचा माल पडून राहतो. कंपनीकडे खरंच किती किमतीचा माल आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही, म्हणून खाली टीप देऊन फिफोनं किती झाला असता तो फरक सांगावा लागतो. आणि एखाद्या वर्षी खरेदी कमी पडून जुना साठा विकावा लागला की त्या जुन्या भावाचा सगळा नफा एकदम वर येतो. धंदा मंदा, माल संपत आलेला आणि कर मात्र जास्त.

सातपुडा_सीए

धुळ्याहून लिहितो. सराफीदादांच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. भारतात लेखा मानक २ (शिल्लक मालाच्या मूल्यांकनाचा हिशेबी नियम) मध्ये १९८१ साली लिफोला जागा होती. सुधारित मानक १ एप्रिल १९९९ पासून लागू झालं आणि तेव्हापासून एकमेकांच्या जागी चालणाऱ्या मालाला फिफो किंवा भारित सरासरी, एवढेच दोन मार्ग उरले. आंतरराष्ट्रीय मानकानंही २००३ च्या सुधारणेत लिफो काढून टाकली. आयकरात आयसीडीएस २ हे मालाच्या मूल्यांकनाचं मानक २०१७-१८ च्या कर निर्धारण वर्षापासून आलं, तिथेही तेच दोन. म्हणून भाचेबुवा, लिफो परीक्षेसाठी नीट शिका, पण दुकानाच्या टॅलीत तो पर्याय दिसला तरी निवडू नका.

सराफीदादांची तक्रार खरी आहे, तिच्यावरचा इलाज मात्र पद्धतीत नाही. त्या नफ्यातला किती भाग नुसत्या भाववाढीचा आहे हे मालकानं वेगळं काढून बघावं आणि तेवढा पैसा पेढीतून उचलू नये. वहीनं सरकारला दाखवायचा नफा आणि घरात उचलायची रक्कम एकच असली पाहिजे असं कुठे आहे?

आता या धाग्यात अजून न आलेली गोष्ट, जी माझ्या मते या सगळ्यांपेक्षा मोठी आहे. कोणत्याही पद्धतीनं किंमत काढा, ताळेबंदात जाणारा आकडा असतो तो किंमत किंवा निव्वळ वसूलयोग्य मूल्य (विक्रीचा खर्च वजा जाता हाती येणारी रक्कम), यांत जे कमी असेल ते. बोरीकाठ भाऊंचीच ३० क्विंटल घ्या. ३१ मार्चच्या सुमारास तूर ७,१०० वर आली आणि विकायला क्विंटलमागे १०० रुपये खर्च आहे असं धरा. हाती येणार ७,०००, म्हणजे २,१०,०००. फिफोचे २,४०,०००, सरासरीचे २,२८,६००, लिफोचे २,१४,०००, तिन्ही याच्या वर. तिन्हींना २,१०,००० वर उतरावं लागतं आणि तिन्हींचा ढोबळ नफा ५०,००० होतो. जिनिंगवाल्या भाऊंनी पडत्या भावाचं काढलं ते यासाठी फार मोलाचं आहे. बाजार पुरेसा पडला की पद्धतींमधला फरकच संपतो.

बरेच व्यापारी भाव चढला की बाजारभावानं शिल्लक लावतात आणि पडला की खरेदीभावानं. नेमकं उलट आहे. चढलेला भाव माल विकेपर्यंत हिशेबात येत नाही, पडलेला मात्र लगेच येतो.

पथारी_नंदुरबार

सीए साहेब, किंमत म्हणजे बिलावरचा भावच ना? आमच्याकडे काही जण सेस आणि गाडीभाडंही धरतात, काही जण नाही.

सातपुडा_सीए

धरायलाच हवं. माल आज जिथे आणि ज्या स्थितीत आहे तिथवर आणायचा सगळा खर्च किमतीत येतो. खरेदीदारानं भरलेला बाजार समितीचा सेस, अडत, हमाली, गाडीभाडं, तुमच्या बाबतीत वाळवणीची मजुरी. व्यापारी सूट मिळाली असेल तर ती वजा. ज्या जीएसटीचं क्रेडिट परत मिळतं तो धरायचा नाही. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर क्रेडिट मिळत नाही, मग तो किमतीतच राहतो. माल तयार होऊन पडल्यावरचं गोदामभाडं, विक्रीचा खर्च आणि कॅश क्रेडिटचं व्याज सहसा बाहेर ठेवायचं. दोन दुकानं एकच पद्धत वापरून वेगळे आकडे दाखवतात ते बहुतेक वेळा इथे.

बोरीकाठ

सीए साहेब, मोठी मदत झाली. दोन गोष्टी विचारतो.

एक, किराण्याचं काय? साबण, चहाचे पुडे, बिस्किटं, मसाले, शेकडो जिनसा. प्रत्येकीची सरासरी आम्ही लावत नाही.

दोन, भाच्याचं म्हणणं आहे की पोत्यातल्या डाळीला फिफो करू, कारण प्रत्येक लॉटवर मिलचं नाव आणि तारीख असते. त्यानं टॅलीत एका डाळीची पद्धत बदलून बघितली तर गेल्या वर्षाची शिल्लकही बदललेली दिसली. लगेच परत होती तशी केली. हे असं का होतं?

सातपुडा_सीए

किराण्याला किरकोळ विक्रीची पद्धत मानकानं मान्य केली आहे, फक्त आकडा खऱ्या किमतीच्या जवळ यायला हवा. विक्रीच्या भावानं माल मोजायचा आणि त्यातून मार्जिन वजा करायचं. साबणाचं मार्जिन वेगळं आणि मसाल्याचं वेगळं, म्हणून जिनसांचे गट पाडा. सगळ्या दुकानाला एकच टक्का लावला तर आकडा बिघडतो. योजनेत भाव उतरवून ठेवलेला माल असेल तर तोही बघा.

टॅलीचं असं आहे की ती शिल्लक साठवून ठेवत नाही. पत्रक उघडाल तेव्हा मालापुढे जी पद्धत लिहिली असेल तिनं नव्यानं काढते. सुरुवातीला प्रत्येक मालाला सरासरी हीच पद्धत आपोआप लागलेली असते. ती बदलली की जुनी वर्षंही नव्या पद्धतीनं दिसायला लागतात आणि तपासून सही झालेल्या ताळेबंदाशी जुळत नाहीत. म्हणून चालू कंपनीत पद्धत बदलायच्या आधी बॅकअप घ्या आणि ३१ मार्चच्या शिल्लक मालाची यादी छापून, सही करून ठेवा. काही दुकानांत हिशेब आणि साठा जोडलेलाच नसतो, तिथे शिल्लक हातानं भरतात. तिथे टॅलीतल्या पद्धतीचा नफ्याशी संबंधच उरत नाही, हेही तपासून घ्या.

बँकेला दर महिन्याला जे स्टॉक स्टेटमेंट देता त्यातही हाच भाव हवा. तिथे बाजारभाव आणि इथे सरासरी असं झालं की दोन कागद एकमेकांविरुद्ध उभे राहतात. २०२३ च्या वित्त कायद्यानं आयकर अधिकाऱ्याला मालाचं मूल्यांकन कॉस्ट अकाउंटंटकडून करून घ्यायचा आदेश देता येतो, तेव्हा असे कागद आधी पुढे येतात.

भाचा_बीकॉम

मग पद्धत बदलताच येत नाही का?

सातपुडा_सीए

येते, पण कारण लागतं. कायद्यानं किंवा मानकानं सांगितलं असेल, किंवा नव्या पद्धतीनं धंद्याचं चित्र जास्त खरं दिसत असेल, तर बदलायची. यंदा नफा जास्त दिसतोय म्हणून सरासरी आणि पुढच्या वर्षी कमी दिसतोय म्हणून फिफो, हे चालत नाही. आयकरालाही वाजवी कारणाशिवाय बदल मान्य नाही.

तुझं कारण मला योग्य वाटतं, कारण पोत्यावर लॉट आहे. मामांच्या सुट्या तुरीला सरासरीच राहू दे. मालाचा प्रकार आणि वापर वेगळा असेल तर त्या त्या प्रकाराला वेगळी पद्धत चालते, पण एकाच प्रकारच्या मालाला दोन नकोत. आणि हे सगळं गोदामात पोती मोजून झाल्यावर. मोजणी चुकली तर कोणतीच पद्धत उपयोगाची नाही.

बदल करायचा तर वर्षाच्या मध्ये करू नका. ज्या वर्षी बदलाल त्या वर्षीच्या ३१ मार्चला तोच माल जुन्या पद्धतीनंही काढा आणि नव्यानंही. फरक वेगळा लिहा. समजा ही ३० क्विंटल पोत्यातली डाळ असती आणि आकडे मामांचेच असते, तर ताळेबंदाखालची टीप अशी झाली असती: "डाळीच्या साठ्याचं मूल्यांकन यंदापासून भारित सरासरीऐवजी फिफो पद्धतीनं केलं आहे. त्यामुळे अखेरचा साठा आणि वर्षाचा नफा ११,४०० रुपयांनी जास्त आहे." टीपेचा मसुदा लिहून आधी तुमच्या सीएंना दाखव, त्यांच्या संमतीनंतरच टॅलीला हात लाव.